दात्याचे यकृत जपताना : अतिदक्षता विभागापासून रक्तप्रवाह पुन्हा सुरू होईपर्यंत

नागपुरात अवयवदान झाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते. वाहतूक पोलिसांनी रस्ता कसा मोकळा केला आणि पेटी सोनेगावच्या विमानतळावर किती मिनिटांत पोहोचली, याचे त्यात वर्णन असते. ते कौतुक रास्त आहे. परंतु यकृताच्या ऊतींना होणाऱ्या इजेचा हिशेब मांडला, तर रस्त्यावर वाचलेली दहा-पंधरा मिनिटे त्यात फारच थोडी भरतात. खरे नुकसान पेटी बंद होण्याच्या कित्येक तास आधी, दात्याच्या खाटेपाशी सुरू झालेले असते, आणि उरलेले बहुतेक पेटी उघडल्यानंतरच्या तासाभरात होते. विदर्भातील अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर व परिचारिका, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, समन्वयक आणि प्रत्यारोपण पथकात नव्याने आलेले सहकारी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. औषधांच्या मात्रा आणि अंतिम निर्णय अर्थातच त्या त्या पथकप्रमुखाचे राहतील.

इजा कशी होते, हे समजले की पुढची प्रत्येक सूचना आपोआप लक्षात राहते, म्हणून आधी तेवढे पाहू. रक्त थांबले की पेशीतील प्राणवायू संपतो आणि पेशीची कामे ज्याच्यावर चालतात ते एटीपी झपाट्याने घटू लागते. सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ठेवणारे पंप एटीपीवरच चालत असल्यामुळे ते मंदावतात. सोडियम आत शिरते, त्यामागोमाग पाणी येते, पेशी फुगते, आम्लता वाढते आणि कॅल्शियमचा तोल जातो. याच काळात पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉण्ड्रियात सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत राहतो. इथवरचे नुकसान बरेचसे भरून निघण्यासारखे असते. मात्र रक्तप्रवाह पुन्हा सुरू होऊन प्राणवायू परत आला की राखेखालचा निखारा वाऱ्याने पेटावा तसे हे साचलेले सक्सिनेट एकदम वापरले जाते आणि त्यातून प्राणवायूच्या अतिक्रियाशील रेणूंचा लोट निघतो. ते रेणू पेशींची आवरणे भाजून काढतात, यकृतातील कुफर पेशी (तेथील संरक्षक पेशी) चेतवतात, आणि त्यांनी धाडलेल्या संकेतांमुळे पांढऱ्या पेशी व प्लेटलेट सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. म्हणजे ज्या क्षणी आपण यकृताला जीवदान देतो, त्याच क्षणी त्याच्यावर मोठा आघातही होतो. याला अल्परक्तता-पुनर्रक्तपुरवठा इजा म्हणतात. बोलीत सगळे ‘रिपरफ्युजन इंज्युरी’ म्हणतात.

यात एक भेद नीट ध्यानात ठेवावा. उष्ण अवस्थेत, म्हणजे शरीराच्या तापमानाला रक्त थांबले, तर मुख्यतः यकृतपेशी मरतात. शीत अवस्थेत दीर्घकाळ ठेवले, तर सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर आधी सुटते. पित्तनलिका या दोहोंतही दुबळ्या, कारण यकृतपेशींना प्रवेशशिरा (आतड्यांकडून रक्त आणणारी शिरा) आणि यकृतधमनी अशा दोन्हींतून रक्त मिळते, तर पित्तनलिकांचा भार जवळपास संपूर्णपणे धमनीवर असतो. पहिल्या आठवड्यात उत्तम चाललेले यकृत दोन-तीन महिन्यांनी पित्तनलिका आकसल्यामुळे त्रास देऊ लागते, त्याचे मूळ बहुधा याच काही तासांत असते.

दात्याच्या खाटेपाशी

आपल्याकडे मेंदूमृत दाता बहुतेकदा डोक्याला मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण असतो. त्याच्या मेंदूची सूज उतरावी म्हणून आधीचे दोन-तीन दिवस मॅनिटॉल दिलेले असते, पाणी मोजून दिलेले असते, आणि मेंदूमृत्यूनंतर पीयूषिका ग्रंथीचे काम थांबल्याने लघवीचा लोंढा सुरू होतो. या तिहेरी कारणाने रक्तातील सोडियम 160 किंवा 165 वर गेलेले आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. सोडियम 155 च्या वर असलेल्या रक्तात यकृतपेशी स्वतःला सावरण्यासाठी आत क्षारसदृश पदार्थ साठवतात. असे यकृत सोडियम 135 असलेल्या रुग्णाला बसवले की पाणी वेगाने आत शिरते आणि पेशी फुगून फुटतात. म्हणून डेस्मोप्रेसिन किंवा व्हॅसोप्रेसिनने लघवी आटोक्यात आणावी, नाकातील नळीने साधे पाणी आणि शिरेतून पाच टक्के डेक्स्ट्रोज द्यावे, आणि सोडियम दर चार तासांनी तपासावे. जिवंत रुग्णात सोडियम अतिशय सावकाश उतरवायचे असते, कारण मेंदूला सूज येण्याची भीती असते. मेंदूमृत्यू प्रमाणित झाल्यावर ती भीती उरत नाही, हे कनिष्ठ डॉक्टरांना मुद्दाम सांगावे लागते. सवयीने ते सावकाशच उतरवत राहतात आणि तेवढ्यात शस्त्रक्रियेची वेळ येते.

रक्तदाबाचे सरासरी मूल्य 65 च्या आसपास राखावे. त्यासाठी नॉरॲड्रिनॅलिनची मात्रा चढवत नेण्याऐवजी अल्प मात्रेत व्हॅसोप्रेसिन जोडावे, कारण कॅटेकोलामाइन वर्गातील औषधांची मोठी मात्रा पोटातील अवयवांच्या रक्तवाहिन्या आवळते. दाब वाढवण्याच्या घाईत सलाईन भरमसाट देण्याचा मोह आवरावा. हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढला की यकृतातून रक्त बाहेर पडायला अडथळा होतो आणि यकृत तुंबून जड होते. श्वसनयंत्रावरील पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब, अवाजवी वाढवल्यानेही तेच घडते. शरीराचे तापमान 36 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, रक्तशर्करा 180 च्या खाली ठेवावी, आणि ‘आता कशाला’ म्हणून नळीवाटे चाललेले अन्न विनाकारण बंद करू नये, कारण ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलेले यकृत शीतकाळ, म्हणजे रक्ताविना थंडीत काढायचा वेळ, कमी सोसते. मिथाइलप्रेडनिसोलोन बहुतेक पथके देतात. त्याने रक्तदाब स्थिर राहण्यास मदत होते, यकृताच्या इजेवरील परिणामाबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

कायद्याची वेळापत्रके या सगळ्याशी गुंतलेली आहेत. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा मेंदूमृत्यूची तपासणी करायची असते. त्या सहा तासांत दात्याकडे कोणी लक्ष देत नाही, असा अनुभव वारंवार येतो, कारण उपचार करणाऱ्यांच्या मनात रुग्ण गेलेला असतो आणि प्रत्यारोपण पथक अजून आलेले नसते. वास्तविक याच सहा तासांत सोडियम आणि रक्तदाब सुधारता येतो. अपघाताची घटना असेल तर पोलिसांची कागदपत्रे आणि शवविच्छेदनाची तजवीज कुटुंबाच्या संमतीनंतर लगेच, इतर कामांच्या बरोबरीने सुरू करावी. पंचनाम्यासाठी थांबलेला प्रत्येक तास हा दात्याच्या अस्थिर रक्तदाबाचाही तास असतो. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला सूचना पहिल्या तपासणीनंतर लगेच द्यावी, म्हणजे वाटपाचा क्रम ठरेपर्यंत वेळ वाया जात नाही.

यकृत पाहणे, धुणे, थंड करणे

पोट उघडल्यावर शल्यविशारद आधी यकृत हाताने पाहतो. कडा धारदार आहेत की बोथट, रंग तपकिरी आहे की पिवळट, दाबल्यावर खळगा राहतो का, यावरून चरबीचा अंदाज येतो आणि शंका असल्यास तुकडा तपासणीला जातो. मोठ्या थेंबांची चरबी 30 टक्क्यांपर्यंत असेल तर यकृत सहसा स्वीकारले जाते. 30 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान ते फक्त तेव्हाच घ्यावे, जेव्हा शीतकाळ लहान ठेवता येईल आणि घेणाऱ्याची प्रकृती फार खालावलेली नसेल. 60 च्या वर बहुतेक पथके नकार देतात. फुगलेल्या चरबीयुक्त पेशी सूक्ष्म वाहिन्या आधीच दाबून टाकतात, शिवाय थंडीत ती चरबी थिजते, म्हणून असे यकृत दुप्पट मार खाते. नागपुरातून दूरच्या शहरात जाणाऱ्या यकृताबाबत हा निर्णय अधिक कडकपणे घ्यावा, असे माझे मत आहे.

महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लावण्यापूर्वी रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, शरीरभाराच्या दर किलोला सुमारे 300 युनिट, द्यावे आणि ते सर्वत्र फिरायला तीन-चार मिनिटे द्यावीत. क्लॅम्प लागताच तीन गोष्टी एकाच वेळी घडायला हव्यात : महाधमनीतील नळीतून थंड द्रव सुरू होणे, छातीतील महाशिरा उघडून रक्ताला बाहेर वाट मिळणे, आणि यकृताभोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा पडणे. यातली वाट उघडायला उशीर झाला तर द्रव यकृतात तुंबते आणि यकृत थंड होण्याऐवजी फुगते. वाहून येणारे पाणी स्वच्छ दिसू लागले आणि यकृत सर्वत्र सारखे फिकट झाले की धुणे पुरे झाले. एखादा भाग तांबूस राहिला तर त्या भागाची धमनी वेगळी निघते का, हे तत्काळ पाहावे. उजवी यकृतधमनी वरच्या आंत्रधमनीतून आणि डावी जठराच्या धमनीतून निघण्याचे प्रकार काही दुर्मीळ नाहीत, आणि घाईत त्याच कापल्या जातात.

जतनद्रवांपैकी यूडब्ल्यू आणि एचटीके हे दोन आपल्याकडे प्रामुख्याने वापरात आहेत. यूडब्ल्यू हे 1980 च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदार्ड यांनी सिद्ध केले. त्यात पेशीत न शिरणारे लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज सूज रोखतात, ग्लुटाथायोन व ॲलोप्युरिनॉल प्राणवायूच्या रेणूंना आवर घालतात, आणि ॲडेनोसिन एटीपीचा कच्चा माल पुरवते. ते घट्ट असते आणि त्यात पोटॅशियम खूप असते. जर्मनीतील ब्रेटश्नायडर यांचे एचटीके पाण्यासारखे पातळ, कमी पोटॅशियमचे, लवकर थंडावा पोहोचवणारे आहे, पण ते बरेच अधिक प्रमाणात वापरावे लागते. कोणते चांगले यावर वाद घालण्यापेक्षा जे आहे ते खरोखर 4 अंशांपर्यंत थंड आहे का, हे तापमापी लावून पाहावे; मे महिन्यात फ्रिजमधून काढून ट्रॉलीवर अर्धा तास ठेवलेली पिशवी थंड राहत नाही. शेवटी पित्ताशय उघडून पित्तनलिका थंड द्रावणाने, पित्ताचा रंग जाईपर्यंत धुवावी. साचलेले पित्त नलिकेचे अस्तर आतून जाळते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि तरीही ते विसरले जाते.

पेटी

शून्य ते 4 अंशांवर यकृताचा चयापचय शरीराच्या तापमानावरील वेगाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. तो थांबत नाही. म्हणूनच शीतकाळाला मर्यादा असते : आठ-दहा तासांच्या आत यकृत बसावे, बाराच्या पलीकडे जाऊ नये.

यकृत पहिल्या निर्जंतुक पिशवीत जतनद्रवात पूर्ण बुडालेले असावे आणि हवा काढून पिशवी बांधावी. दुसऱ्या पिशवीत थंड सलाईन, तिसरी कोरडी, आणि मग बर्फाची पेटी. बर्फ यकृताला थेट टेकता कामा नये. डीप फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो आणि त्याने पृष्ठभागाच्या पेशी गोठून फुटतात. पाणी सुटू लागलेला, चुरा केलेला बर्फच शून्यावर स्थिर राहतो. जेल पॅक किंवा ड्राय आइस वापरू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रुग्णवाहिकेचे वातानुकूलन पंधरा मिनिटे आधी सुरू करावे, पेटी उन्हात ठेवून सह्यांची वाट पाहू नये, आणि पेटीवर ‘मध्ये उघडू नये’ असे मराठीत व हिंदीत ठळक लिहावे. एकदा माझ्यासमोर आलेली पेटी वाटेत दोनदा उघडली गेली होती, केवळ ‘बर्फ आहे ना’ याची खात्री करून घेण्यासाठी. हेतू चांगला होता, पण वरचा अर्धा बर्फ पाणी झाला होता. यकृत विमानाने जाणार असेल तर हिवाळ्यात उत्तरेकडील धुक्यामुळे उड्डाणे रखडतात हे गृहीत धरून पर्यायी मार्ग आधीच ठरवावा.

बसवताना

घेणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया कधी सुरू करायची, याचा अंदाज हे पथकाच्या कौशल्याचे खरे लक्षण मानावे. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात चिकटलेले भाग सोडवायला दोन तास जास्त लागू शकतात आणि तोवर यकृत पेटीत वाट पाहत राहते. उलट, ‘यकृत चांगले आहे’ असा दात्याकडील शल्यविशारदाचा निरोप येण्यापूर्वी परत न फिरता येणारे पाऊल उचलू नये. दोन्ही शस्त्रक्रियागृहांत एकच माणूस फोनवर असावा. पाच जणांनी पाच निरोप दिले की घोळ ठरलेला.

बेंचवर, म्हणजे रोपणापूर्वीच्या साफसफाईत, भांड्याभोवती बर्फ असला तरी दिव्यांच्या उष्णतेने द्रव तापते, म्हणून तेथेही तापमान पाहत राहावे. यकृत बर्फातून बाहेर आले की नवे घड्याळ सुरू होते आणि ते सर्वांत निष्ठुर असते. शिवणकाम चालू असताना यकृत पोटातल्या उबेने हळूहळू तापते, पण त्याला रक्त मिळत नसते. हा काळ 45 मिनिटांच्या आत ठेवावा. यकृतावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले गॉज सतत बदलत राहणे हे साहाय्यकाचे काम असते. क्षुल्लक वाटले तरी ते एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावे. यूडब्ल्यू वापरले असेल तर प्रवाह सुरू करण्याआधी अर्धा ते एक लिटर अल्ब्युमिन किंवा योग्य क्षारद्रवाने यकृत धुवून साठलेले पोटॅशियम व आम्ल बाहेर काढावे, अन्यथा ते थेट हृदयाकडे जाते.

क्लॅम्प काढण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला पाच मिनिटे आधी सांगावे. पोटॅशियम, आम्लता आणि कॅल्शियम तोवर सुधारलेले असावे, कॅल्शियम व ॲड्रिनॅलिनच्या भरलेल्या सिरिंज हाताशी असाव्यात, रुग्णाचे शरीर उबदार असावे. प्रवेशशिरेचा क्लॅम्प एकदम न काढता सावकाश सैल करावा. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब 30 टक्क्यांहून अधिक घसरून मिनिटभर तरी तसाच राहिला, तर त्याला पुनर्रक्तपुरवठ्याचा लक्षणसमूह म्हणतात आणि तो पुढच्या दिवसांत मूत्रपिंडालाही भोवतो. यकृत गुलाबी झाले, मऊ राहिले म्हणून निवांत होऊ नये. धमनी जोडली जाईपर्यंत पित्तनलिका उपाशीच असतात, त्यामुळे ती जोडणी रेंगाळू देऊ नये.

सेव्होफ्लुरेन, एन-ॲसिटिलसिस्टीन, रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवून पेशींना आधीच सराव देणे, अशा उपायांची यादी लांबलचक आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांत त्यांतले बहुतेक चालतात, माणसांत मात्र निकाल कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे येतात. एखाद्या औषधावर विसंबून घड्याळाकडे दुर्लक्ष करू नये.

यंत्रातून यकृतात द्रव फिरवत ठेवण्याची पद्धत मात्र खरोखर वेगळी आहे. एका प्रकारात यकृत 37 अंशांवर रक्तासह जिवंतपणे चालते. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत 220 प्रत्यारोपणांमध्ये या पद्धतीने विकरांनी मोजलेली इजा 50 टक्क्यांनी कमी आढळली, तीही जतनाचा काळ अधिक असताना. दुसऱ्या प्रकारात रोपणाच्या आधी दोन तास 10 अंशांच्या सुमारास प्राणवायूयुक्त द्रव फिरवतात, जेणेकरून साचलेले सक्सिनेट थंड अवस्थेतच शांतपणे संपते आणि नंतरचा भडका मंदावतो. हृदय थांबल्यावर मिळालेल्या यकृतांवरील नेदरलँड्सच्या नेतृत्वाखालील चाचणीत, 2021 मध्ये, पित्तनलिका आकसण्याचे प्रमाण यामुळे 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले. यंत्र व प्रत्येक वेळचे साहित्य महाग असल्याने आपल्याकडे बर्फाची पेटीच मुख्य राहिली आहे. उद्या यंत्र मिळालेच, तर पहिला हक्क चरबीयुक्त आणि लांबून येणाऱ्या यकृताचा असावा.

जिवंत दात्याकडून घेतलेल्या यकृतभागाची गोष्ट निराळी. भारतातील बहुतांश यकृत प्रत्यारोपणे याच प्रकारची असतात आणि त्यात दोन शस्त्रक्रियागृहे शेजारी असल्याने शीतकाळ लहानच राहतो. तिथे इजा होते ती प्रवेशशिरेतील रक्ताच्या माऱ्याने, जेव्हा भाग रुग्णाच्या वजनाच्या 0.8 टक्क्यांहून लहान असतो. त्यावर प्लीहेची धमनी बांधून प्रवाह कमी करणे हा एक रुळलेला उपाय आहे.

शस्त्रक्रियेनंतर लॅक्टेट उतरते आहे का, पित्त तयार होते आहे का आणि डॉप्लरवर धमनी वाहते आहे का, हे पहिल्या रात्रीच पाहावे. पहिल्या सात दिवसांत एएसटी किंवा एएलटी (यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात येणारी विकरे) 2000 च्या वर गेले, किंवा सातव्या दिवशी बिलिरुबिन 10 वा त्याहून अधिक, अथवा रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आयएनआर 1.6 वा त्याहून अधिक असेल, तर यकृताचे काम सुरुवातीलाच मंद पडले असे मानतात. या आकड्यांशेजारी पुढच्या चार वेळा लिहून ठेवाव्यात : क्लॅम्प लागला ती, यकृत बर्फातून निघाले ती, प्रवेशशिरा उघडली ती आणि धमनी उघडली ती. त्या कागदाची एक प्रत, रुग्णाची ओळख झाकून, दात्याच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला पाठवावी. ज्या परिचारिकेने रात्रभर सोडियम उतरवत आणले, तिला त्या यकृताचे पुढे काय झाले हे सहसा कोणीच कळवत नाही.